ताईच्या मापाचा घेर

त्या सकाळी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती आणि दोघींचं एकमेकींशी पटण्याची सुतराम शक्यता नव्हती. एक होत्या दंतवैद्यबाई, तिशीतल्या, हातात नवाकोरा हिरवा स्कर्ट घेऊन आलेल्या. दुसऱ्या मुख्याध्यापिका. त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण समोरच्याच्या चुका काढायची त्यांची सवय अजून नोकरीवर होती.

"पुढून गुडघ्यापर्यंत ठेवा, मागून पोटरीच्या खाली," दंतवैद्यबाई म्हणाल्या. "आणि एका बाजूनं जरा उतरता."

"कापड कमी पडलं का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"फॅशन आहे, काकू."

"अगं, पडदासुद्धा आपण खालून सरळ शिवतो. बाईमाणसानंच काय कोणाचं घोडं मारलंय?"

"पडद्याला कुठं चालायचं असतं! सरळ घेर घातला की मला बादलीत उभं राहिल्यासारखं वाटतं."

मग दोघींनी एकदमच धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणजे दुकानाची मालकीण. बावन्न वर्षांची झाली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण दुकान दोघी बहिणींचं होतं आणि थोरली ताई होती. खालच्या कडेचा, म्हणजे घेराचा, विषय निघाला की एरवी धाकटी हातातली कात्री खाली ठेवून भांडायची. वाकडा घेर म्हणजे अर्धवट सोडलेलं काम, असं तिचं ठाम मत होतं आणि ते ऐकून घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला कपडा मिळत नसे.

"तुम्ही सांगाल तसं," धाकटी म्हणाली आणि तिनं स्कर्टला चिठ्ठी टाचली.

दोघींचाही विरस झाला. मुख्याध्यापिका आपला कोट दुरुस्तीला टाकून गेल्या, दंतवैद्यबाई गेल्या, आणि धाकटी पुढच्या कपड्याकडे वळली. ताईला जाऊन सात आठवडे झाले होते. या सात आठवड्यांत धाकटी वेळेवर उठली होती, जेवली होती, दुकान एक दिवसही बंद ठेवलं नव्हतं. रडली मात्र नव्हती. लोक म्हणत, धीराची आहे. तिला स्वतःला धीर वगैरे काही वाटत नव्हता. दंतवैद्यबाईंनी हिरडीत सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी ती आख्खीच झाली होती.

पहिल्याच आठवड्यात तिनं ताईचं कपाट रिकामं केलं होतं. अकरा स्कर्ट, कोट, चपला, सगळं बांधून देऊन टाकलं. कोणी थांबवलं नाही, कारण कामाचा उरक पाहून सगळ्यांना बरंच वाटलं. राहिला होता तो एकच राखाडी स्कर्ट, तोही ताईच्या मुलीनं, म्हणजे भाचीनं, आधीच स्वतःच्या घरी नेला होता म्हणून.

तो आता दुकानात होता. भाचीची पहिली नोकरी सोमवारपासून सुरू होणार होती आणि तिला पहिल्या दिवशी तोच घालायचा होता. "फक्त कंबर आत घे, मावशी," ती आदल्या दिवशी म्हणाली होती. "खालचा घेर आहे तसाच राहू दे हं."

त्या घेराला कारण होतं. ताईचा डावा पाय लहानपणापासून इंचभर आखूड. ती उभी राहिली की कमरेची डावी बाजू खाली जायची आणि सरळ कापलेला स्कर्ट डावीकडे लोंबायचा. म्हणून धाकटी तिचे स्कर्ट मुद्दाम वाकडे कापायची, डावीकडून इंचभर आखूड. टेबलावर पसरला तर चुकलेला वाटेल, ताईच्या अंगावर चढला की घेर जमिनीशी अगदी सरळ. दुकानातल्या कितीतरी गिऱ्हाइकांना ताई चालायला लागेपर्यंत तिचा पाय कळतसुद्धा नसे. चुकून कोणी हा घेर सरळ करू नये म्हणून धाकटी त्या स्कर्टांच्या कमरेच्या पट्ट्याला आतून लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवायची. लाल टाका दिसला की खाली हात लावायचा नाही.

धाकटीनं पट्टा उसवला. कंबर दोन्हीकडून आत घेतली. पट्टा नव्यानं कापून बसवला. जुना पट्टा चिंध्यांच्या पिशवीत गेला, लाल टाक्यासकट. मग ती जेवली, आणि दुपारी नेहमीप्रमाणे झालेले कपडे एकेक करून टेबलावर दुमडून तपासायला बसली. पाच कपडे ठीक होते. सहावा राखाडी. उजवी बाजू डावीच्या इंचभर खाली आली होती. तिनं पट्टा उलटून पाहिला, लाल टाका नव्हता. खडूनं रेघ मारली, कापलं, दुमडलं, शिवलं, इस्त्री केली. तीस वर्षांचे हात, त्यांना कोणाला विचारायची गरज पडत नाही.

सातवा कपडा हातात घेतला तेव्हा तिला कळलं.

तिनं राखाडी स्कर्ट हँगरला लावला आणि समोर बसून राहिली. घेर सुंदर सरळ आला होता.

पाचच्या सुमाराला भाची आली.

"मी कापला गं," धाकटी म्हणाली. "माझ्या हातून कापला गेला."

भाचीनं आत जाऊन स्कर्ट घातला आणि मापाच्या बुटक्या लाकडी स्टुलावर येऊन उभी राहिली. आरशात बराच वेळ पाहत होती. तिचे दोन्ही पाय सारखे होते, कंबर सारखी होती, घेरही आता सारखा होता.

"छान बसलाय," ती म्हणाली. "आता कोणाचाही वाटतो."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर धाकटीला सोपं गेलं असतं.

"उतरव," धाकटी म्हणाली.

चिंध्यांची पिशवी तिनं जमिनीवर उपडी केली. हिरव्या, पांढऱ्या, ठिपक्यांच्या चिंध्यांतून घेराची कापलेली राखाडी पट्टी सापडली. एका टोकाला इंचभर रुंद, पुढे निमुळती होत होत दोऱ्याएवढी. ताईच्या दोन पायांत जेवढा फरक होता तेवढाच तो तुकडा. धाकटीनं तो टेबलावर सरळ केला, स्कर्टची दुमड उसवली आणि पट्टी जिथली तिथं जोडली. मशीनवर नाही, हातानं. भाची शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत राहिली.

"सांधा दिसतोय, मावशी."

"दिसू दे."

सांधा दिसतोय असा कपडा या दुकानातून आजवर बाहेर पडला नव्हता. भाचीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा दोरा ओवला.

भाची पुन्हा स्टुलावर चढली तेवढ्यात मुख्याध्यापिका कोट न्यायला आल्या. दारातूनच त्यांची नजर खाली गेली. "काय हे! हिलाही फॅशन चावली का? डावीकडून वर गेलाय बघ सगळा."

धाकटी गुडघ्यावर बसली होती. तिनं फूटपट्टी स्टुलाला टेकवून उभी धरली. डावीकडे नऊ इंच. उजवीकडे आठ.

"वर नाही गेलेला," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, भांडायच्या वेळी असायचा तसा. "बरोबर आहे. माझ्या बहिणीचं माप आहे ते. तिच्या अंगावर इतका सरळ बसायचा, तुम्ही वीस वर्षं बघितलात, तुम्हालासुद्धा कधी..."

भाची वरून म्हणाली, "मावशी," आणि धाकटीनं फूटपट्टी सोडून दोन्ही हातांनी तो घेर धरला, तोंड त्यात खुपसलं आणि सात आठवड्यांचं एकदम रडू लागली.