परातबाई, त्याला सांग

मी परात बोलतेय. पीठ मळायची नव्हे हो, यांगोनाची. यांगोना म्हणजे एक मुळी. ती कुटायची, माझ्यात पाणी घालून कालवायची आणि करवंटीतून प्यायची. जीभ जराशी बधिर होते, गप्पांना मात्र काही होत नाही. फिजीतल्या आमच्या बेटावर चार माणसं जमली की मी मधोमध आणि बाकी सगळे माझ्याभोवती. अशी जागा मिळाल्यावर कान कोण बंद ठेवील? मला चार पाय आहेत, पण कान अंगभर.

वेसी नावाच्या झाडाच्या टणक लाकडातून मला एका म्हाताऱ्यानं कोरलं. त्याची दोन नातवंडं, थोरल्या मुलाची ताराइविनी आणि धाकट्याचा सिकेली, मला समुद्रावर नेऊन नारळाच्या काथ्यानं घासायची. घासायची कमी, भांडायचीच जास्त. मला फार आवडायचं ते.

मग दोघं वयात आली आणि बोलणं थांबलं. भांडण नाही काही. आमच्याकडे मोठे झालेले भाऊ-बहीण एकमेकांशी तोंडानं बोलत नाहीत. मान असतो तो. चुलत, मावस बहिणी सगळ्या सख्ख्याच धरायच्या. काही सांगायचं असलं तर मधल्या माणसाकरवी. मामेबहिणीचं तेवढं वेगळं. तिनं टोमणे मारायचे आणि त्यानं हसून घ्यायचे, असं नातं.

पुढं गावात प्लास्टिकचं घमेलं आलं. हलकं, लाल, पडलं तरी तडा नाही. मला समाजघराच्या खुंटीवर टांगलं. तिथून दिसायचं सगळं, पण हाताचा स्पर्श नाही.

यंदा निवडणूक आली. पुरेशी नावं नोंदली गेली तर मतपेटी आमच्या गावात येणार. नाहीतर खाडीपलीकडे जायचं. मागच्या खेपेला ताराइविनी फुलाफुलांचा झगा घालून होडीत बसली, तर मध्येच इंजिन बंद. पोचेपर्यंत मतदान संपलेलं. तशी भिजून परत आली बिचारी. आता गुडघ्यांनी असा दगा दिलाय की होडीत पाय टाकणं जमत नाही. पेटी गावात आली नाही तर तिचं मत या जन्मी व्हायचं नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

नावं नोंदायला गावानं टाळ्या वाजवून सिकेलीला निवडलं. शिकून आला, शपथ घेतली, फोटो काढायचं यंत्र घेऊन बसला. एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. कूळ मोठं; गावातल्या निम्म्या बायका त्याच्या बहिणी, इथल्या इथेच दिलेल्या!

पहिल्या दुपारी त्या आल्या, पाठ करून बसल्या. त्याची मामेबहीण उनाइसी पुढं सरसावली. "हं, विचार मला. सगळ्यांचं मी सांगते."

सिकेली कपाळ पुसत म्हणाला, "चालत नाही गं. ज्याचं नाव, त्यानंच उत्तर द्यायचं. शपथ घेतलीय मी."

"मग त्यांच्याशी बोल की!"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"अरे, सरकारला भितोस, बहिणींना भितोस, मला तेवढा भीत नाहीस!"

बायका उठून गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. दुसरा माणूस पाठवा म्हणून सिकेलीनं निरोप धाडला. उत्तर आलं, आता वेळ नाही. शेवटच्या दिवशी तो नुसता यंत्राकडे बघत बसला. जेवलाही नाही. उनाइसीनं उकडलेला कसाव्याचा कंद आणून ठेवला, तोही तसाच.

तेवढ्यात ताराइविनी दार धरत धरत आत आली. बसली नाही. सरळ माझ्या खुंटीपाशी आली, मला उतरवलं, पदरानं, म्हणजे झग्याच्या टोकानं, धूळ पुसली आणि आणून दोघांच्या मध्ये ठेवलं. मग खाली बसली, कण्हत. माझ्या पोटात बघून म्हणाली, "परातबाई, त्याला सांग, माझं नाव ताराइविनी. तोंड माझं, उत्तर माझं. कुणाकडे बघून द्यायचं, ते काही सरकारनं सांगितलेलं नाही."

सिकेलीचे कान लाल झाले. त्यानं मान खाली घातली आणि मलाच विचारलं, "परातबाई, जन्मतारीख विचार तिला."

"सांग, वादळ झालं त्या वर्षीची. तारीख दाखल्यावर आहे, तोही आणलाय म्हणावं."

अहो, काय सांगू! माझ्यात यांगोनाचा थेंब नव्हता, तरी मला चढल्यासारखं झालं.

फोटोला मात्र घोळ झाला. सिकेलीनं तोंड फिरवून बटण दाबलं.

उनाइसी फोटो बघून लोळायचीच बाकी राहिली. "अरे शहाण्या, ताराअक्काचं डोकंच नाही! परात आलीय नुसती! हिला कार्ड देणार का मत द्यायला?"

पुढचे फोटो उनाइसीनंच दाबले. बाहेर बायकांची रांग लागली. एकेक आली, मला नाव सांगून गेली. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या बायकांची वयं मला कळली. कुणाचं सांगणार नाही, पण उनाइसी वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे.

पेटी गावात आली. ताराइविनी तोच फुलाफुलांचा झगा घालून, काठी टेकत सगळ्यांच्या आधी उभी. मत देऊन समाजघरात आली ती शाई लागलेलं बोट वर धरूनच. सिकेली माझ्यात यांगोना कालवत होता.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "परातबाई, त्याला सांग, लहानपणी तुझी एकच बाजू घासून पळून जायचा. आज त्यानं काम पुरं केलं."

सिकेलीचा हात माझ्यात तसाच थांबला. मग हळूच म्हणाला, "तिला सांग, दुसरी बाजू ती छान घासायची, म्हणून तिच्यासाठी ठेवायचो."

मी कुणालाच काही सांगितलं नाही. दोघांनी ऐकलं होतं.

आता माझ्या एका पायाला भेग आहे, काठ झिजलाय. घमेलं खुशाल वापरा, त्याच्याशी माझं वैर नाही. पण मला फार दिवस खुंटीवर ठेवू नका. या दोघांचं अजून बरंच बोलायचं राहिलंय.