अंदाजे ठिकाण

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या काकूंचा फोन आला. दार सताड उघडं होतं आणि अण्णा घरात नव्हते.

ताई तेव्हा कारखान्यात कवळीला आकार देत होती. हात प्लास्टरने माखलेले, समोर कुणाचे तरी वरचे चौदा दात. तिने आरडाओरडा केला नाही. वडील असे निघून जायची या वर्षातली ही पाचवी खेप. हात धुऊन तिने काकूंना खिडकीवरचा पत्र्याचा डबा बघायला सांगितला. डबा रिकामा होता. म्हणजे त्रिकोणी किल्लीही गेली. लिफ्टचं दार बाहेरून उघडायची ती किल्ली. आतली लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे हे किल्लीला कळत नाही. आत लिफ्ट असो वा नुसता खड्डा, दार उघडतं, एवढंच. अण्णांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या.

तिने आपल्या फोनवर अण्णांचा फोन कुठे आहे ते दाखवणारा नकाशा उघडला. त्यावर फिकट निळं वर्तुळ होतं, दीड-दोन किलोमीटर रुंद. त्यात तलाव, शाळा, दवाखाना आणि उंच इमारतींची रांगच्या रांग. अण्णा त्यात कुठेतरी होते.

तिने भावाला फोन लावला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. घरात त्याला कुलूप म्हणत, कारण तो स्वतःच्या फोनचा कॅमेराही चिकटपट्टीने झाकायचा.

"वर्तुळ काय दाखवतोस? टिंब कुठाय?"

"अंदाजे ठिकाणाचीच परवानगी आहे, ताई. अण्णांनी तेवढीच दिली."

"त्यांनी दिली आणि तू घेतलीस! सकाळी जेवले की नाही ते आठवत नाही त्यांना."

"फोन त्यांचा आहे."

"मग तूच बदल आता."

"इथून नाही होत. त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हातानं. बाहेरून कुणाला हात घालता येऊ नये म्हणून तर ही सिस्टिम टाकली."

"वा. चोर राहिले बाजूला, घरचेच दाराबाहेर."

तीन आठवड्यांपूर्वी त्याने तो फोन तयार केला होता. त्यावरची सिस्टिम कुठल्याच कंपनीला काही कळवत नसे. ॲप टाकलं की सगळ्या परवानग्या बंद, एकेक हाताने उघडायची. कुलूपने जेवणाच्या टेबलावर त्या एकेक वाचून दाखवल्या, खरेदीखत वाचावं तशा. अण्णांचा तो दिवस बरा होता. "ठिकाण नेहमी दिसलं तरी चालेल," ते म्हणाले, "पण नेमकं नको. संडासात किती वेळ बसलो तेही पोरीला कळायला नको." सगळे हसले. ताईही हसली. तिला झोप आली होती आणि तो विषय एकदाचा संपायला हवा होता.

पाच वाजता दोघं तलावाजवळ भेटली. कुलूप पोलीस चौकीत फोटो देऊन आला होता. दोन इमारतींच्या रखवालदारांनी नकारार्थी मान हलवली. एकोणिसाव्या कॉलला, सहाला दहा कमी असताना, अण्णांनी फोन उचलला.

"कुठे आहात, अण्णा?"

"कामावर."

"कुठल्या इमारतीत?"

"तक्रार आलीय त्या." मागे मोटरची घरघर ऐकू येत होती.

ताईने फोन स्पीकरवर टाकला. अण्णांना विनवण्या कळत नसत. काम सांगितलेलं कळे. "अण्णा, एक काम आहे. फोन कानावरून काढा, काचेकडे बघा. सेटिंग्ज उघडा."

"उघडलं."

कुलूप हळू आवाजात सांगत गेला, ती मोठ्याने सांगत गेली. ॲप्स. मग 'घरचे' नावाचं ॲप. परवानग्या. ठिकाण. अण्णा प्रत्येक पायरी वाचून दाखवत होते. अक्षर अन् अक्षर बरोबर. ताई तलावाच्या कठड्यावर टेकली. सकाळपासून पहिल्यांदाच बसली होती.

"खाली एक बटण आहे, अण्णा. अचूक ठिकाण वापरा."

"आहे. बंद आहे."

"ते चालू करा."



"कोण बोलतंय?"

"मी. तुमची पोरगी."

"दिसत नाहीस."

"फोनवर आहे ना मी!"

"फोनवरून सांगितलं म्हणून बंद केलेला स्विच टाकायचा नाही," अण्णा म्हणाले. आवाज एकदम तरुण, खणखणीत. "आत माणूस असतो. आमचा एक मेकॅनिक गेला तसाच. समोर ये, तोंड दाखव, मग टाकतो."

कुलूपने डोळे मिटले. ही गोष्ट दोघांनी लहानपणी शंभरदा ऐकली होती.

"अण्णा, समोर यायलाच तर विचारतेय. कुठे येऊ?"

"काम दिलंयस तर पत्ता तुझ्याकडे असणार."

कुलूपने फोन ओढला. घसा जाड करून म्हणाला, "ऑफिसातून साहेब बोलतोय. स्विच टाका."

"साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप."

ताईने फोन परत घेतला. "बरं. नका टाकू," ती म्हणाली. "पण कुठलंच दार उघडू नका. मी येईपर्यंत हात लावायचा नाही."

"किती वेळ?"

तिने समोर पाहिलं. वर्तुळात आणखी अकरा उंच इमारती होत्या. "अर्धा तास," ती म्हणाली. खोटं बोलायलाही ताकद लागते. तेवढी उरली होती.

"ये," अण्णा म्हणाले, पण फोन ठेवला नाही.

सहा वाजून बावीस मिनिटांनी दोघं चौथ्या इमारतीत शिरत होती. पोलिसांचा फोन आला नव्हता. अण्णांच्या फोनची बॅटरी नऊ टक्के उरल्याचं 'घरचे' ॲप दाखवत होतं. लाइन चालू होती, मोटरची घरघर थांबली होती.