हळू आवाजातल्या चार गोष्टी

यंत्रमागांच्या शेडमध्ये उभं आयुष्य गेल्यामुळे ठमीच्या वडिलांचे कान कामातून गेले होते. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बोलणं कळायचं, पण आपला आवाज किती मोठा होतोय याचा अंदाज राहिला नव्हता. जेवताना ते "मीठ वाढ" म्हणाले की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "देऊ का आमच्याकडचं?"

ठमीच्या आईचा गुडघा धरला होता, म्हणून ठमीला कॉलेजच्या वसतिगृहात सोडायला तेच निघाले. दारात आईने त्यांना आपल्याकडे वळवून बजावलं, "चार गोष्टी सांगा पोरीला. पण हळू! तिथे बाकीच्या मुली असतील."

"मी काय ओरडतो का?" ते म्हणाले, आणि कोपऱ्यावर झोपलेलं कुत्रं दचकून उठलं.

बसमध्ये ते मनातल्या मनात जुळवाजुळव करत बसले. ठमी सारखी खिडकीबाहेर बघत होती. तिचं तोंड दिसेना, म्हणून बोलणंही होईना.

खोलीत दोन खाटा, एक कुरकुरतं कपाट आणि डुगडुगतं टेबल होतं. दुसरी मुलगी अजून यायची होती. त्यांनी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, पडद्याची दोरी घट्ट बांधली, ट्रंक खाटेखाली ढकलली. मग करण्यासारखं काही उरलं नाही. ते खाटेवर बसले, घसा खाकरला आणि त्यांच्या मते अगदी कुजबुजत सुरुवात केली.

"ठमे, डोकं दुखायला लागलं की आधी जेवलीस का ते आठव. तुझं अर्धं दुखणं भुकेचं असतं. वर्गात कळलं नाही तर विचार. हसले तर हसू देत, दात त्यांचे. कुणी आवडला-बिवडला..." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, "...तर तो तुझं बोलणं पुरतं ऐकून घेतो का, एवढं बघ. आणि रडू आलं तर दार लावून रडू नकोस. उघडं ठेव. कुणीतरी येईल."

ठमी त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती. ते वळले. दारात मुलींची गर्दी झाली होती. एकीच्या हातात बादली, एकीच्या तोंडात ब्रश. अख्खा मजला लोटला होता.

"जरा मोठ्याने झालं का?" ते गडबडून उठले.

चष्मेवाल्या एका मुलीने काहीतरी विचारलं. ती एकटीच सामान घेऊन आली होती, तिला सोडायला कुणी आलं नव्हतं. अनोळखी ओठांवरून त्यांना तिचं बोलणं उमगलं नाही, तेव्हा ठमीने सावकाश ओठ हलवत सांगितलं, "बाबा, ती विचारते, घरची आठवण आली तर काय करायचं? ते राहिलं."

हे काही त्यांनी जुळवून आणलं नव्हतं. पडद्याची दोरी त्यांनी पुन्हा एकदा ओढून बघितली. "ते मलाही ठाऊक नाही गं, बाळ," ते म्हणाले, आणि मागच्या मुली माना उंच करून एकमेकींना विचारू लागल्या, काय म्हणाले, काय म्हणाले?

परतल्यावर घर खायला उठलं. रोज जेवताना शेजाऱ्यांच्या भांडणापासून टीव्हीवरच्या बातम्यांपर्यंत सगळं ठमीच हातवारे करून त्यांना सांगायची, नकला करायची. आईला तेवढा दम नव्हता. ठमी दर रविवारी वसतिगृहाच्या जिन्याखालच्या फोनवरून बोलायची. आई हसून हसून डोळे पुसायची, आणि त्यांनी "काय म्हणते?" विचारलं की सांगायची, "बरी आहे म्हणते." एवढ्यात हसण्यासारखं काय होतं, ते काही त्यांना कळायचं नाही.

एका रविवारी त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे."

"अहो, तुम्हाला काय ऐकू येणार?"

"दे म्हणतो ना."

रिसीव्हर कानावर दाबून, जिवाचा कान करून ते उभे राहिले. नुसती गुणगुण येत होती, कधी चढणारी, कधी विरणारी. "बोल ठमे," ते म्हणाले. गुणगुण क्षणभर थांबली, मग भरभर सुरू झाली. भिंतीकडे बघत ते मधूनमधून "हं" म्हणत होते. एकदा तर, कोण जाणे कशाला, हसलेसुद्धा.

आईने दंडाला हात लावून खुणेनं विचारलं, कळतंय का काही?

त्यांनी खांदा वळवून घेतला. "थांब गं, बोलतेय ती."