लग्नपत्रिकांचे शब्द

पहिलीची मुलं ऑगस्टमध्येच घडाघडा वाचतात, हे ऐकून अण्णांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना संशय आला.

अण्णा आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. नौपाड्यातल्या कार्यालयात त्यांनी मला बोलावलं. "रसिका, तू मायक्रोबायोलॉजीवाली ना? मग नीट तपासता येत असेल तुला. टिटवाळ्याच्या शाळेत जा. मुलं वाचतात असं जयाबाई सांगतात. वाचतात की पाठ केलंय, ते बघ."

कारण मला ठाऊक होतं. एका कंपनीने वर्गासाठी मोठा पडदा आणि त्यावरचे वाचनाचे धडे देऊ केले होते. त्यात प्रत्येक शब्द वेगळ्या रंगाच्या पट्टीवर झळकायचा, ते अण्णांना फार आवडलं होतं. शनिवारी ते स्वतः वर्ग बघणार होते. मुलं वाचत नसतील तर पहिली पडद्याकडे जाणार आणि आयुष्यभर पहिलीच शिकवलेल्या जयाबाई कार्यालयात टपालाच्या टेबलावर.

जयाबाईंनाही ते ठाऊक होतं. विजेचं मीटर तपासायला आलेल्या माणसाकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"या मॅडम. अण्णांनी पाठवलं ना? कुठे बसणार?"

"मागे बसते, बाई."

"बसा. कपाटाजवळ पंखा लागतो. आमच्या पोरांना नाही लागत, पाहुण्यांना लागतो."

मुलं हसली. बाईंनी टेबलावरून कार्डांचा गठ्ठा उचलला. लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या पाठीवर काळ्या स्केचपेनने एकेक शब्द लिहिला होता. टिटवाळ्यातल्या निम्म्या घरांत बाईंचे माजी विद्यार्थी, त्यामुळे लग्नसराईत बाईंकडे पत्रिका येत राहायच्या, आणि असला जाड कागद टाकून द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्यांनी एक कार्ड वर धरलं.

"कमळ!" सगळा वर्ग ओरडला.

"बदक! मगर! अननस! गवत!"

एकही चूक नाही. इतका स्वच्छ निकाल प्रयोगशाळेत मिळाला की आमचे सर म्हणायचे, आधी भांडी तपासा.

मला वाटलं, क्रम पाठ असेल. मी गठ्ठा मागून घेतला आणि पिसला. मुलांनी सगळं बरोबर वाचलं. मग वाटलं, बाई ओठांनी सुचवत असतील.

"बाई, जरा बाहेर थांबता का?"

"माझ्याच वर्गाच्या बाहेर?" त्या म्हणाल्या. "थांबते. दाराला कान लावू का, की तेही नको?"

त्या बाहेर गेल्या. मी कार्डं दाखवली. पुन्हा सगळं बरोबर. पहिल्या बाकावरची कादंबरी नावाची मुलगी तर इतरांच्या आधी सांगत होती.

शेवटी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'कमळ' लिहिलं. वर्ग गप्प झाला.

"टिळक?" मुकुल नावाचा मुलगा अंदाजाने म्हणाला. बाकीची मुलं हसली, पण बरोबर शब्द कोणी सांगितला नाही. 'मगर' लिहिलं, तेव्हाही तेच.

बाई आत आल्या तेव्हा मी फळा पुसून टाकला होता. का पुसला, मला सांगता आलं नसतं. आता मला त्यांचा संशय येत होता आणि पुरावा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कार्डांकडे बघितलंच नाही. कादंबरीकडे बघत राहिले. कार्ड वर आलं की तिची नजर अक्षरांवर थांबायचीच नाही, ती सरळ कडेला जायची. सुट्टीत मी गठ्ठा खिडकीशी नेला. 'कमळ' लिहिलेल्या कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात, पलीकडून ठसवलेल्या गणपतीचा खळगा होता. 'बदक' पिवळसर कागदावर. 'मगर'ची कड सोनेरी. 'अननस'मधून पलीकडची लाल छपाई फिकट दिसत होती. प्रत्येक लग्न वेगळं, म्हणून प्रत्येक कागद वेगळा. ही मुलं शब्द वाचतच नव्हती, लग्नं ओळखत होती.

हे बाईंना माहीत होतं का? तेच मला ठरवता येईना. माहीत असेल तर ही लबाडी होती, आणि मी ती अण्णांना सांगायला बांधलेली होते.

बाई चहाला गेल्यावर मी कपाट उघडलं. न कापलेल्या पत्रिकांच्या डब्यात गणपतीवाल्या लग्नाची दुसरी पत्रिका सापडली. 'कमळ'च्या कार्डाएवढा, खळगा असलेला तुकडा मी कापला. त्यावर काहीही लिहिलं नाही.

"माझं कपाट उघडलंत?" बाई दारात उभ्या होत्या.

"हो."

"विचारून उघडता आलं असतं."

"विचारलं असतं तर तुम्ही मुलांना आधी सांगाल, असं वाटलं."

त्यांचा चेहरा ताठ झाला. "चोर समजता मला? स्पष्ट बोला ना मग. शिकलेल्या आहात."

मी कोरा तुकडा त्यांच्या हातात दिला. "हे मुलांना दाखवा. काही बोलू नका."

त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. "यावर काही नाहीये."

"म्हणूनच."

मधली सुट्टी संपली, मुलं बाकांवर बसली. बाईंनी तो तुकडा वर धरला.

"कमळ!" सगळा वर्ग ओरडला.

बाईंचा हात वरच राहिला. मुलांना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी आणखी मोठ्याने सांगितलं. मग बाई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या आणि तुकड्यातल्या खळग्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. त्यांना माहीत नव्हतं. एवढं मी त्या अंगठ्यावरून खात्रीने सांगू शकत होते.

"दर वर्षी असंच झालं असेल का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुढे वाचायला शिकतातच ना मुलं."

"शिकतात. पण मला वाटायचं, मी शिकवते." त्या उठल्या. "उद्या येऊ नका मॅडम. शनिवारी या."

माझा संशय लगेच परत आला. एका दिवसात फळ्यावरचे चार शब्द घोटून घेणं काही अवघड नव्हतं.

शनिवारी अण्णा गाडीतून उतरले आणि व्हरांड्यातच त्यांनी मला गाठलं. "काय गं, वाचतात की पाठ?"

मी उत्तर द्यायच्या आत बाईंनी वर्गाच्या दारातून हाक मारली. "अण्णा, आत या. तिला काय विचारता? मुलं माझी आहेत."

त्यांच्या हातात तोच जुना गठ्ठा होता. मी कपाटाजवळ जाऊन बसले. बाईंनी एकेक कार्ड वर धरलं, मुलांनी एकेक शब्द सांगितला. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. "वा, वा! मग झालं की, जयाबाई."

इथेच थांबल्या असत्या तर मला तोंड उघडावं लागलं असतं.

बाईंनी कोरा तुकडा वर धरला. वर्ग ओरडला, "कमळ!"

"काय लिहिलंय त्यावर?" अण्णांनी चष्मा सारखा करत विचारलं.

"काही नाही. मुलं कागद ओळखतात, अक्षरं नाही. मला परवा कळलं." त्यांनी तो तुकडा अण्णांच्या हातात दिला. "तुमच्या पडद्यावर कमळ कुठल्या पट्टीवर येतं?"

"गुलाबी."

"मग तिथे गुलाबी ओळखतील. आणि तो पडदा त्यांना शाबासकी देऊन पुढे जाईल."

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे. आमचं आधीच ठरलंय की काय, असा त्यांना संशय आला असावा.

"म्हणजे आज माझ्यासमोर कबूल करताय की मुलांना वाचता येत नाही."

"आज नाही येत. काल एकसारख्या कागदावर सगळं नव्याने लिहिलंय. दिवाळीपर्यंत द्या. नाही आलं, तर मी स्वतः टपालाच्या टेबलावर येऊन बसेन."

"दिवाळीपर्यंत," अण्णा म्हणाले. "पण रसिका रोज वर्गात बसेल. माझा आता कोणावरच विश्वास नाही."

सोमवारी नवी कार्डं आली, सगळी पांढरी, सगळी सारखी. बाईंनी पहिलं वर धरलं. मुलं गोंधळली. कादंबरीने कड बघितली, कोपरा बघितला, काहीच मिळालं नाही. मग ती मागे माझ्याकडे वळली आणि "कमळ" म्हणाली.

"शाबास," मी म्हणाले.

"कसली शाबास?" बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "मॅडम, उद्यापासून वर्गाकडे पाठ करून बसा. तुमचे ओठ हलतात."