तुफानाला हलवायचं नाय

खच्ची केलेलं जनावर जागचं हलवायचं नाय, आणि का म्हणून विचारायचं नाय. आमच्या घरातला हा नियम आबांनी त्यांच्या नातीला, अक्षदाला, पुन्हा एकदा ऐकवला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मला जाता येण्यासारखं नव्हतं. नियम माझ्याबद्दलच होता आणि दोर खुंटीला होता.

मी तुफान बोलतोय. नावावर जाऊ नका. माझी उंची जेवणाच्या टेबलाएवढी. आमची जातच बुटकी, हौसेखातर पाळायची. पुण्याकडच्या एका फार्महाऊसवर माझा जन्म झाला. तिथल्या मालकांची हौस फिटली आणि अक्षदाच्या काकाने, विनीतने, मला विकत घेतलं. महाडच्या ताबिशने टेम्पोत कोंबडीखाद्याच्या गोण्यांमध्ये मला बसवलं आणि विनीतला फोन लावला, "भाई, भाडं घोड्याचं लावू का बकऱ्याचं?" माझ्या आयुष्यातला पहिला अपमान तो. पुढे सवय झाली.

विनीतचं वरंधजवळ घाटरस्त्याला चहा-भज्यांचं हॉटेल आहे. गाडीवाले थांबतात, त्यांची पोरं माझ्याबरोबर फोटो काढतात, एवढंच माझं काम. पण मला ते कुणी नीट समजावून सांगितलं नाही. उभ्या गाड्यांच्या चकचकीत दारांत मी स्वतःला बघायचो. दार जरा फुगीर असलं की मीही फुगायचो. दोन-चार महिन्यांत माझी खात्री पटली की या खोऱ्यात माझ्यासारखा उमदा घोडा दुसरा नाही. ते खरंच होतं. दुसरा घोडाच नव्हता.

मग गावात एक लग्न निघालं आणि वरातीसाठी नाते गावाहून एक घोडी आली. पांढरी, उंच, कपाळावर झालर. मी दोर तोडला. बँडवाल्यांच्या पायांतून वाट काढत तिच्यापर्यंत पोहोचलो आणि मान बाकदार करून जोरात खिंकाळलो. तिने आधी समोर पाहिलं, मग डावीकडे पाहिलं. खाली बघायचं तिला सुचलंच नाही. मी तिच्या गुडघ्याशी उभा होतो. रागाच्या भरात मी मागच्या पायांवर उभा राहिलो, नवरदेवाच्या लोंबणाऱ्या मुंडावळ्या खेचल्या आणि निम्म्या खाल्ल्या. नवरदेव खाली आला. वऱ्हाडातल्या एका मामांना मी चावलोसुद्धा, पण ते गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी विनीतने महाडच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

झालं ते झालं. भुलीत होतो, मला फारसं आठवत नाही. जाग आली तेव्हा डॉक्टर अक्षदाला समजावत होते. ती महाडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे, प्राणिशास्त्र घेतलंय, त्यामुळे घरात ऐकून घेणारं तेवढं एकच माणूस. डॉक्टर म्हणाले, "जखम मी मुद्दाम उघडी ठेवलीय. आतलं पाणी-रक्त खाली गळून जायला हवं. सकाळ-संध्याकाळ चालवायचं, पाइपने गार पाणी मारायचं. बांधून ठेवलात तर वरून खपली धरेल, आत सगळं साठेल आणि सुजेल. जखम आतून भरत बाहेर आली पाहिजे." अक्षदाने मान डोलावली. मी डोलावली नाही. चालणं या शब्दाशी माझं कधीच जमलं नव्हतं.

आबा म्हणजे महिपतीबाबा. या खोऱ्यात बैलाला काही झालं की माणसं आधी त्यांच्याकडे येतात. डॉक्टरांची मोटरसायकल वळणाआड गेली आणि ते म्हणाले, "चालवायचं? अगो, आपरेशन झालेल्या मानसाला कुनी शेतावर धाडतं काय? जनावर हलवायचं नाय."

खरं सांगायचं तर मला आबा फार शहाणे वाटले.

अक्षदाने ऐकलं नाही. तिने मला ओढत रस्त्याला काढलं. मी पाय रोवले, मान टाकली, एकदा तर मेल्याचं सोंगही केलं. "नाटकी," ती म्हणाली आणि पाण्याचा पाइप माझ्या मागच्या पायांमध्ये सोडला. मी ताडकन उठलो. नंतर मला पोटाखाली मोकळं वाटलं, हे मी तिला कळू दिलं नाही.

मग तिची प्रॅक्टिकल परीक्षा आली आणि ती महाडला मावशीकडे राहायला गेली. जाताना विनीतला दहा वेळा बजावून गेली. विनीतने प्रत्येक वेळी "हो गो" म्हटलं आणि ती एसटीत बसल्यावर हॉटेल उघडायला गेला.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. आबांनी मला गोठ्यात बांधलं. बनुबाई आजींनी जखमेत हळद आणि तेलाचा बोळा दाबला, पाठीवर गोणपाट टाकलं आणि "बिचारा गो बाई" म्हणत गूळ भरवला. शेजारचे रामातात्या रोज येऊन बघून जायचे आणि मान हलवायचे. त्यांनी मान हलवली की मी कण्हायचो. कण्हलो की गूळ. असा हिशोब मला लगेच जमतो.

एका सकाळी मला गूळ नको झाला. पोटाखाली काहीतरी जड लटकत होतं. मागचा पाय उचलला तर तो भलत्याच दिशेला पडायचा. कान गरम, तोंड कोरडं, माश्या घोंगावतायत आणि शेपटी उचलायचा कंटाळा. पहिल्या दिवशी ज्या मी मेल्याचं सोंग केलं होतं, त्या मला आता सोंग आणि खरं यातला फरक नीट कळत नव्हता. आबा माझ्या पोटाखाली वाकून बघत म्हणाले, "सूज आली. पयल्या दिवशी पोरीनं फिरवलंन ना, त्याची ही."

त्याच दुपारी अक्षदा परत आली. पिशवी खांद्यालाच होती. तिने गोणपाट काढलं, खाली बसून पाहिलं आणि उठली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी चावायचा विचार सोडून दिला.

"हा बोळा कुणी घातला?"

"मी घातला," आजी म्हणाल्या. "उघडी जखम, माश्या बसत होत्या. हळद वाईट हाय काय?"

"हळद वाईट नाही आजी, भोक बुजवलंस ते वाईट. ते गळायला ठेवलं होतं."

डॉक्टर संध्याकाळच्या आत आले. त्यांनी हातमोजे घातले, बोटांनी खपली मोडली आणि जे बाहेर आलं त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण तुम्ही जेवायला बसला असाल. ते माझ्यातूनच निघालं यावर माझा विश्वास बसेना. मी तर दिसायला इतका नीटस. इंजेक्शनं झाली. डॉक्टर आबांना म्हणाले, "आजोबा, आणखी थोडा उशीर झाला असता तर हा हाताला लागला नसता." आबा नदीकडे निघून गेले.

तेव्हापासून मी चालतोय. हेही तुम्हाला चालता चालताच सांगतोय, कारण मला थांबू देत नाहीत. सूज निम्मी उतरली आहे. गाडीवाले काच खाली करून विचारतात, "काय क्यूट आहे! लंगडतोय का?" अक्षदा थांबत नाही. "खच्ची केलाय, जखम वाहतेय," असं खणखणीत सांगते. काच वर जाते. मी रस्त्याच्या कडेची करवंदीची जाळी बघत चालतो. माझी केवढी अब्रू होती, आणि ती किती थोड्या शब्दांत संपते.

आज संध्याकाळी घरी परतलो तर अंगणात वेगळीच तयारी. शिमग्याची पालखी उद्या दारात यायची. आजींनी अंगण सारवून रांगोळीची जागा धरून ठेवली होती. आबा आणि रामातात्या पायरीवर बसले होते. अक्षदा पाइप आणायला मागे गेली, तेवढ्यात आबा उठले आणि माझा दोर खुंटीला बांधून परत जागेवर बसले. मला बरं वाटलं, खोटं का बोलू. आता कुठेही जायचं नाही.

अक्षदा पाइप घेऊन आली. "कुणी बांधला?"

"मी," आबा म्हणाले. "उद्या देव दारात येनार. सारवलेल्या अंगनात ह्याचं रगत सांडायचं नाय. पालखी जाईस्तवर हा हितंच राहील."

"पालखी कधी जाणार?"

"देवाचं कोन सांगनार? परवा म्हन, तेरवा म्हन."

"तोपर्यंत परत बुजेल ते. परत साठेल. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना, आबा?"

रामातात्या खाकरले. "अगो अक्षू, पोरीच्या जातीनं असला घोडा गावातून मिरवायचा... लोकं विचारतात, काय झालं त्याला. आमी काय सांगायचं?"

"मी सांगते ना. तुम्हाला लाज वाटत असेल तर माझ्याकडे पाठवा."

आजींनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, मला दिसलं नाही.

आबांचा आवाज चढला. "हलवायचं नाय म्हंजी नाय! माज्या बापानं घालून दिल्यान नियम. मी कदी त्याला का म्हनून इचारलं नाय, तू कोन इचारनारी?"

अक्षदाने पाइप खाली ठेवला. मला वाटलं, आता ती ओरडेल. मी कान मागे घेतले. पण ती हळूच बोलली.

"आबा, तुमच्या वडलांकडे घोडा होता?"

आबांनी तोंड उघडलं. रामातात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सवयीने स्वतःच उत्तर देऊन मोकळे झाले, "घोडा कुठला? बैल होते. दोन जोड्या."

"बैलाला खच्ची कसं करायचे, बाहेरून चिमटा लावून ना? कातडी फाटायची? रक्त यायचं?"

"चिमट्यानं कुठनं रगत..." रामातात्या बोलता बोलता थांबले.

"तो नियम बैलाचा आहे, आबा. बैलाला बरोबरच असेल. ह्याला तुम्ही त्या नियमाने मारत होतात." ती खुंटीपाशी आली आणि दोर सोडायला लागली. गाठ आबांची होती, घट्ट. तिने दात लावून सोडवली. "मी ह्याला बांधणार नाही. आज नाही, उद्या पालखी दारात उभी असली तरी नाही. पालखीला अंगण हवं असेल तर मी ह्याला नदीवर नेईन. पण चालवीन."

मी आबांकडे आशेने पाहिलं. माझी शेवटची आशा तेच होते, आणि गूळ. मला सोडवायला आता ते काहीतरी बोलतील, असं मला अजून वाटत होतं. अक्कल मला उंचीच्याच मापाने मिळाली आहे. तुम्ही कधी वरंधच्या रस्त्याने आलात आणि लाल ओढणीची एक मुलगी एका हट्टी बुटक्या घोड्याला ओढताना दिसली, तर फोटोसाठी थांबवू नका. मी लगेच थांबेन, आणि तेच चुकीचं आहे.

अक्षदाने दोर ओढला. मी नाइलाजाने पाऊल टाकलं. सारवलेल्या अंगणात एक थेंब पडला, मग दुसरा. आजींनी रांगोळीचा डबा उचलून बाजूला घेतला. रामातात्यांनी त्या थेंबांकडे पाहिलं आणि मग आबांकडे. आबा माझ्या पोटाखाली बघत होते, आजारी बैल तपासतात तसं, नीट.

आम्ही पायरीजवळ आलो. वाट अरुंद होती. आबांनी पाय आखडून घेतले आणि आम्हाला जाऊ दिलं.