पुढे पळवायचं बटण

निवृत्त माणसाने काय काय करू नये, हे भिंगारमध्ये सगळ्यांना पाठ होतं. त्यात कॅसेट काढण्याचा उल्लेख नव्हता. त्यामुळे विष्णुपंतांना कुणी अडवलं नाही.

लष्कराच्या हिशेब खात्यात उभी नोकरी मान खाली घालून केल्यावर त्यांनी मान वर केली ती शहाण्णव साली, थेट 'आठ प्रहर' ही कॅसेट घेऊन. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, आवाजही त्यांचाच, कारण दुसरं कुणी तयार झालं नाही. कॅसिओवर चिरंजीव वरद. पहिल्या बाजूला दिवसाच्या चार प्रहरांची चार गाणी, दुसरीकडे रात्रीची चार. पहाटेपासून पहाटेपर्यंत सगळं ओळीने.

वर 'मराठी पॉप' असं छापलं होतं. तो सल्ला सहादेवचा. सहादेव भिंगारच्या बाजारात कॅसेटी विकायचा, गिऱ्हाईक सांगेल ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा आणि टेप दुरुस्त करायचा. तो म्हणाला होता, "काका, भावगीत छापलं की लोक कॅसेट उचलतात, फुंकर मारून धूळ उडवतात आणि परत ठेवतात."

पॉप छापल्यावर लोकांनी फुंकरही मारली नाही. सातवं गाणं मात्र सुसाट सुटलं.

ते मध्यरात्रीचं गाणं होतं. छावणीतल्या पहारेकऱ्याची हाक ऐकून विष्णुपंतांना सुचलेलं. 'कोण आहे तिकडे?' असं आत्मा देहाला विचारतो, आणि देह म्हणतो, 'मीच!' वरदने त्यात ढोलाचा ठेका घातला आणि अध्यात्म जागच्या जागी संपलं. हळदीच्या मांडवात अर्धी माणसं 'कोण आहे तिकडे' म्हणून ओरडू लागली आणि उरलेली अर्धी 'मीच' म्हणून नाचू लागली.

सहादेवकडे रांग लागली. सगळ्यांना कोऱ्या कॅसेटवर फक्त तेच गाणं हवं होतं, दोन्ही बाजूंनी, कॅसेट भरेपर्यंत.

विष्णुपंत दुकानात आले तेव्हा तो हेच काम करत होता.

"सहादेव, हे काय चाललंय?"

"तुमचीच कीर्ती चाललीय, काका. गणपतीला नुसत्या 'कोण आहे'ची कॅसेट काढू. बाकीची सात गाणी वगळून."

"वगळून? अरे, पहाट झाल्याशिवाय मध्यरात्र येते का?"

"आमच्या दुकानात येते."

"ते एक ताट आहे! वरण-भात, कोशिंबीर, चटणी, सगळं आपापल्या जागी."

"काका, लग्नाच्या पंगतीत लोक जिलबीच मागतात. तुम्ही कोशिंबिरीचा आग्रह करता, माणसं पानावरून उठून जातात."

बाचाबाची वाढली तशी चार माणसं जमली, म्हणून सहादेवने तडजोड काढली. 'आठ प्रहर' पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने ऐकलेला एक माणूस विष्णुपंतांनी आणून दाखवायचा. दाखवला तर सहादेव आठांतलं एकही गाणं सुटं विकणार नाही. नाहीतर गणपतीला जिलबी.

विष्णुपंत खुशीत घरी आले. एक माणूस तर घरातच होता.

"विजया, तू माझी कॅसेट पूर्ण ऐकलीयस ना?"

"ऐकली की."

"चौथ्या गाण्यात काय आहे?"

विजयाबाई भाजी निवडत होत्या. "तुम्ही आहात," त्या म्हणाल्या.

वरदला फक्त कॅसिओचे तुकडे माहीत होते, आणि तेही त्याने नुसत्या ठेक्यावर वाजवले होते. सकाळच्या फिरण्यातल्या मित्रांनी कॅसेट अप्रतिम असल्याचं एकमुखाने सांगितलं. त्यातल्या दोघांकडे टेप नव्हता. गणपती जवळ येऊ लागले. विष्णुपंत आता वाण्यालासुद्धा, साखर मापून घेता घेता, दिवेलागणीच्या गाण्याबद्दल विचारू लागले. वाणी माप भरून देऊ लागला, पण उत्तर देईना.

एका दुपारी ते दुकानात बसलेले असताना बाहेर टेम्पो थांबला. खर्ड्याचा पुंजाराम टेम्पोवाला. खर्ड्याहून माल घेऊन भिंगारवरून नगरच्या बाजारात यायचा आणि किराणा भरून परत जायचा. त्याने टेम्पोतला टेप उचकटून आणला होता.

"सादेवभाऊ, याचं फुडं पळवायचं बटन तुटलंय. लई दिस झालं. 'कोन हाय तिकडं' ऐकायचं म्हंजी आदी सगळी कॅसेट ऐकावी लागती."

विष्णुपंत खुर्चीतून उठले. "सगळी?"

"तर वो! नगर सोडलं की पहाट हुती. मंग उनाचं येतं, मंग दुपारचं. चिचोंडीला दिवं लागत्यात. तितं कॅसेट उलटी करायची. मंग चांदन्याचं, मंग त्ये रडकं, आन् कडा गावाच्या अलीकडं 'कोन हाय'! शेवटाला परत पहाट. दर खेपंला असंच."

"सहादेव!" विष्णुपंतांचा आवाज टिपेला गेला. "ऐकलंस? आणि क्रमाने!"

"हे ऐकणं नाही, काका. नाइलाज आहे," सहादेव म्हणाला. "बटण दुरुस्त करून देतो. वर नुसत्या 'कोण आहे'ची कॅसेट फुकट. मग पुढच्या खेपेला सांगू दे काय ऐकलं ते. तरीही सगळी ऐकली असेल तर मी हरलो."

म्हणणं रास्त होतं, आणि विष्णुपंतांचा जन्म रास्त गोष्टींवर सही करण्यात गेला होता. पण सहादेवने पेचकस घेतला तसे ते पुढे सरकले. सगळ्या जिल्ह्यात त्यांना एकच श्रोता होता, आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत दुरुस्त होत होता.

"घाई काय आहे त्याला? चालतोय की टेप," ते पुटपुटले. कुणी लक्ष दिलं नाही.

पुढच्या खेपेच्या दिवशी विष्णुपंत दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर होते. 'मला काय खरेदी नाही का करायची' म्हणत विजयाबाईही आल्या होत्या.

टेम्पो आला. पण आधी पुंजारामची बायको कलाबाई उतरली, आणि टेप तिच्या हातात होता.

"ह्ये बटन कुनी नीट केलं?"

"मी," सहादेव म्हणाला.

"मोडा परत."

तिने टेप सहादेवपुढे ठेवला.

"अवो, ह्यांना गाडी चालवताना डुलकी लागती, म्हून मी संगं येती. त्या दिव्याच्या गान्याला माजा डोळा लागायचा चिचोंडीला. आन् कड्याच्या अलीकडं ते 'कोन हाय' वरडलं की जाग यायची, 'मीच' म्हनून उठायची. मंग कड्याला उतरून च्या. आता नगरपासून खर्ड्यापातुर एकच, कोन हाय, कोन हाय! अवो, किती येळा सांगायचं मानसानं?"

"मंग मी बी ती काडून जुनी लावली, आख्खी ऐकली," पुंजाराम मागून म्हणाला. "पर हात बटनाकडं जातोय. तवा मोडलेलं बरं."

सहादेवने टेप उघडला. शब्दाला पक्का माणूस. बटणाखालची स्प्रिंग त्याने उपसून काढली आणि विष्णुपंतांच्या तळहातावर ठेवली. गणपतीची कॅसेट रद्द झाली.

"मात्र मांडववाल्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा, काका."

"सांगेन. आधी पहाट, मग मध्यरात्र."

घरी जाताना विष्णुपंत तरंगत होते. ती स्प्रिंग त्यांनी सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी ठेवली होती.

"चौथं गाणं शांतरसाचं," ते म्हणाले. "चिचोंडीला त्या बाईचा डोळा लागतो. म्हणजे रस पोचला, विजया."

"आपल्याकडे तो पहिल्याच गाण्याला पोचतो," विजयाबाई म्हणाल्या आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.