एकाच ठशाची दोन चित्रं

मुद्राचित्रांच्या, म्हणजे ठसा कोरून छापलेल्या चित्रांच्या, स्पर्धेचं परीक्षण करायला गणपतराव माळी यंदा तयार नव्हते. गुडघे दुखत होते, आणि चाळीस वर्षं कलाशाळेत शिकवून झाल्यावर चित्रापुढं उभं राहून बरंवाईट ठरवायचा त्यांना कंटाळा आला होता. पण संस्थेचा चिटणीस ऋतुराज त्यांचा जुना विद्यार्थी. तो दोनदा घरी आला, तेव्हा नाही म्हणवेना.

दसरा चौकाजवळच्या सभागृहात सकाळपासून दोनशे दहा चित्रं बघून झाली. चित्रांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. चार वाजता बक्षिसाची तीन चित्रं भिंतीशी लागली. त्यांतलं पहिलं, दुसरं, तिसरं ठरवायचं तेवढं राहिलं होतं. बेळगावहून आलेले दुसरे परीक्षक उदयसिंह घोरपडे एसटी चुकेल म्हणून घड्याळ बघत होते.

पहिल्याबद्दल वाद नव्हताच. एक्केचाळीस क्रमांक. भाताची लावण करून आलेली बाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. पायांवरचा चिखल वाळून तडकला होता, आणि त्यातली एकेक भेग लाकडात कोरलेली होती. असं भरीव काळं छापलेलं हल्ली बघायला मिळत नाही, असं घोरपडे म्हणाले. गणपतरावांना मात्र त्या बाईशेजारी जाऊन बसावंसं वाटत होतं.

त्यांचा चष्मा बाद चित्रांच्या गठ्ठ्यावर राहिला होता. तो उचलताना वरचं चित्र त्यांनी नीट बघितलं. तीच बाई. शाई कुठं उडालेली, कुठं साकळलेली, चेहरा पार बुडालेला. दुपारी शिणल्या डोळ्यांनी त्यांनीच ते डागाळलेलं म्हणून बाजूला टाकलं होतं. आता चिखलाच्या भेगांवरून ओळख पटली.

"हे बघा, ठसा एकच हाय," शिकवायच्या सवयीनं ते बोलून गेले. दुसऱ्याच क्षणी वाटलं, गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं.

ऋतुराजनं अर्ज काढले. एक्केचाळीसवर प्रसेनजीत कांबळेचं नाव होतं, एकशे बारावर निशा कांबळेचं. दोघं शाहूवाडीकडच्या एकाच गावचे. दोन्ही अर्जांवर नंबर एकच होता; ऋतुराजनं तो लावून फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

निशानं काही लपवलं नाही. फळी तिनं कोरली होती. घरात छापायचं यंत्र नव्हतं, म्हणून शाई लावलेल्या फळीवर कागद ठेवून पळीच्या पाठीनं घासायचा. तिच्या धाकट्या भावाचा, प्रसेनजीतचा, हात सगळीकडं एकसारखा पडायचा, तिचा पडत नव्हता. अर्जात एकाच नावाला जागा होती. म्हणून त्यानं छापलेलं त्याच्या नावानं पाठवलं, तिनं छापलेलं तिच्या.

"मग चित्र कुणाचं म्हणायचं?" घोरपड्यांनी विचारलं.

"आमचंच की, सर."

कोरणं आणि छापणं, दोन्ही स्पर्धकानं स्वतः केलेलं पाहिजे, असा नियम होता. ऋतुराजनं तो दोनदा वाचून दाखवला. बक्षीस दोघांच्या नावानं द्या, असं गणपतरावांनी सांगून बघितलं. त्यांच्या स्वतःच्या कित्येक चित्रांना विद्यार्थ्यांनी यंत्राचं चाक फिरवलं होतं, ते कुणी कधी विचारलं नव्हतं. ऋतुराज खाली मान घालून ऐकत राहिला, पण नियम मोडायला तयार होईना. घोरपडे म्हणाले की पटतंय, पण आपण काय करणार? पाऊण तास बोलणं तिथल्या तिथंच फिरत राहिलं. शेवटी गणपतरावांनी सही केली. एक्केचाळीस भिंतीवरून उतरलं आणि दुसरं चित्र पहिलं झालं.

निकाल संस्था कळवणारच होती. तरी बाहेर पायरीवर बसून त्यांनी आपल्या फोनवरून अर्जावरचा तोच नंबर पुन्हा लावला. या वेळी प्रसेनजीतनं उचलला. तुमचं चित्र पहिलं आलं होतं, आणि माझ्याच बोलण्यानं ते गेलं, असं गणपतरावांनी सरळ सांगितलं.

चित्रं परत मिळतील का, घडी न घालता पाठवाल का, एवढंच प्रसेनजीतनं विचारलं. मिळतील, असं गणपतराव म्हणाले.

"फुडच्या टायमाला एकाचंच नाव घालतो, सर."

"कुणाचं?"

पलीकडं तो बहिणीशी काहीतरी बोलला. तिचं उत्तर ऐकू आलं नाही.

"तुमीच सांगा की," तो म्हणाला.

"मला ठाव न्हाई, बाळा."

"असूंद्या, सर. आवाजावनं लई दमल्यासारखं वाटतायसा. च्या प्या जावा."

गणपतराव व्हय म्हणाले. पण पायरीवरून उठायला त्यांना बराच वेळ लागला.